मधल्या खोपटातली चूल

१

विमानतळावर मला घ्यायला तिमोफेई येणार होता. आला पोलीस कप्तान रोदिओन. हातातली टोपी चुरगाळत उभा होता. त्याचं तोंड गोरंमोरं झालं होतं.

"मॅडम, वाईट झालं. तिमोफेई गेला. पुर्ग्याचं हिमवादळ थांबल्यावर मधल्या खोपटात सापडला. गोठून मेला."

"तिमका? गोठून?" मी एवढ्या जोरात ओरडले की सामान उतरवणारी माणसं वळून बघायला लागली. "अरे, इथे तालिम्स्कमध्ये जन्मलेला माणूस तो! शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. आमच्या वर्गात अक्षरं गिरवायच्या आधी चूल पेटवायला शिकवायचे!"

"प्यायलेला होता."

"प्यायलेला असता तरी पेटवली असती. डोळे मिटून पेटवली असती."

मला रोदिओनचा राग आला, पुर्ग्याचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आठवड्यापूर्वीच तिमकाचा फोन आला होता. तो खाणीत हवा खेळती ठेवणाऱ्या विभागाचा मुकादम. "अगाशा, इकडे ये. खाणीतल्या आगीची चौकशी करायला समिती येणारेय. त्याआधी तुला एक सांगायचंय, फोनवर नाही." मी म्हटलं, थोडं तरी सांग. तर म्हणाला, "पाइप वाजत होता. एवढंच सांगतो." मी तीस वर्षं मोठ्या जमिनीवर, म्हणजे दक्षिणेकडच्या शहरांत, खुनांचे तपास केलेत, आता निवृत्त आहे. लगेच तिकीट काढलं. मग पुर्गा उठला, विमानं बंद झाली आणि मी तिकडच्या विमानतळावर बाकड्यावर चहा ढोसत बसले. इकडे तेव्हाच हा गोठत होता.

"आणि मॅडम, आरोपी पकडलाय आम्ही," रोदिओन म्हणाला. त्याला वाटलं, मला बरं वाटेल. "अकुलिना. ती नदीवरची डोल्गान जमातीची म्हातारी, मासे विकते ती. खोपटाबाहेर तिमोफेईची गाडी नव्हती. म्हणजे त्याला कोणीतरी तिथे नेऊन सोडला. खोपटातली दारूची बाटली तिचीच होती. आणि दुकानात भर गर्दीत तिने त्याला शिव्या घातल्या होत्या. उद्या याच विमानाने तिला मोठ्या जमिनीवरच्या तुरुंगात पाठवतोय."

सत्तरीची बाई. तिकडे गेलेलं एवढं म्हातारं माणूस परत येत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

"उद्या?" मी म्हटलं. "मग आज मला त्या खोपटात ने. आत्ता. चहाबिहा काही नको."

२

मधलं खोपटं नदीच्या वळणावर आहे. कोणाच्या मालकीचं नाही. कोळी, शिकारी, खाणीवाले, वाटेत अडकेल तो तिथे थांबतो. त्याला कुलूप नाही, कधी नव्हतंच.

रोदिओनने फोनवर मला प्रेताचे फोटो दाखवले. फळ्यांच्या बिछान्यावर तिमका कुशीवर पडलेला, गुडघे पोटाशी, एक हात डोक्याच्या वर. अंगावर त्याचा कोट पांघरलेला.

"थंडीने मुटकुळं झालं," रोदिओन म्हणाला.

"हात वर करून कोण मुटकुळं होतं रे? आणि थंडी वाजणारा माणूस कोट पांघरतो की घालतो?"

त्याने फोन खिशात टाकला.

खोपटाला दोन दारं. बाहेरच्या दारातून आधी लाकडं ठेवायची गार पडवी, मग आतलं दार. त्या दारावर ऊब राहावी म्हणून जाड लोकरीचा नमदा ठोकलेला. पडवीच्या बाजूने तो नमदा खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, ओरबाडून काढलेला होता. आतून दाराला लोखंडी कडी. अस्वलं येतात म्हणून असते.

बाहेर भिंतीलगत राख टाकलेली होती. पुर्ग्यानंतरच्या कोऱ्या बर्फावर, वरच. त्यानंतर वारा पडलाच होता, म्हणून ती तशीच राहिलेली.

"तुमच्यापैकी कोणी चूल पेटवली होती?"

"छे. आम्ही गाडीतच हीटर लावून बसलो. बचावपथकाच्या ग्लेब निकानोरोविचनीही प्रेत बघितलं आणि दार ओढून घेतलं. त्यांनीच कळवलं ना आम्हाला. कशालाही हात लावला नाही म्हणाले."

मी आत जाऊन लोखंडी चुलीचं झाकण उघडलं. आतली राख साफ काढलेली. लार्चच्या लाकडाच्या बारीक फाळक्या चौकटीसारख्या रचलेल्या. चुलीच्या काठावर काडेपेटी, तिच्यातून तीन काड्या अर्ध्या बाहेर ओढून ठेवलेल्या. बोटं बधिर झालेल्या माणसाला दातांनीही ओढता याव्यात म्हणून. आमच्याकडे खोपटातून निघताना प्रत्येकजण पुढच्यासाठी असं करून जातो. पुढचा कोण, ते विचारत नाहीत.

फाळक्यांच्या खाली पेटवणीचा तुरा होता. लाकडाची कांडी चाकूने सोलत न्यायची, पण सोलपटं तोडायची नाहीत, कांडीलाच कुरळी लटकत ठेवायची. हा तुरा ताजा होता. पांढराशुभ्र, धुराचा डागही नाही. मी तो उचलला, हातात फिरवला आणि पुन्हापुन्हा बघत राहिले.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही," मी म्हटलं आणि तुरा कोटाच्या खिशात घातला. "मला म्हातारीला भेटायचंय."

३

अकुलिना कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. वळलीसुद्धा नाही.

"आता आणखी कोण? सगळ्यांना सांगून झालं माझं."

"मी अग्निया, मावशी. तिमकाची शाळेतली मैत्रीण."

"मग रड जा त्याच्या घरी. इथे काय ठेवलंय?"

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "दुकानात त्याला काय बोललात?"

"बोलले, तुम्हा खाणीवाल्यांना एकेकाला नदीत बुडवीन. काळं पाणी सोडतात मेले, मासळी पोटं वर करून तरंगते. सगळ्यांनाच बोलले. तिमका समोर होता म्हणून त्याला ऐकावं लागलं. तो बिचारा म्हणाला, बुडव मावशी, पण सुरुवात वरच्या साहेबांपासून कर."

हे मात्र तिमकाच बोलणार. मला हसू आलं.

"आणि बाटली?"

"माझीच. असतेच तिथे. अडकलेल्या माणसाला पोटात काहीतरी गरम लागतं. पुर्ग्यात मी माझ्या घरी होते. नदीच्या वरच्या अंगाला, एकटी. एकटीला साक्षीदार कुठून आणू? कुत्र्यांना उभं करू कोर्टात?"

"तुम्ही खोपटातून निघता तेव्हा चूल कशी रचता?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. प्रश्न खुळचट वाटला असणार. मग उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. अंगठा आणि करंगळी, मधे काही नाही. जुन्या थंडीने खाल्लेली बोटं.

"या हाताने काय नक्षी काढू? खाली बर्चची साल कोंबते, वर लाकडं टाकते. काड्या तेवढ्या ओढून ठेवते. पेटतं की नाही? मग झालं!"

दाराबाहेर रोदिओन उभा होता. मी त्याला विचारलं, "पुर्ग्याच्या दिवसांत गाडी घेऊन गावाबाहेर आणखी कोण होतं?"

"दोघंच. खाणीचे उपसंचालक स्तोयानोव्स्की, बर्फात चालणाऱ्या पट्ट्याच्या गाडीतून व्हॉल्व्ह बघायला गेले होते, तिकडेच अडकले. आणि ग्लेब निकानोरोविच. पण त्यांचं काय विचारता मॅडम! बचावपथकाचे प्रमुख ते. माझ्या बापाला त्यांनी ढिगाऱ्याखालून काढलंय."

"माझ्याही," मी म्हटलं.

४

स्तोयानोव्स्की मोठ्या जमिनीवरून आलेला, वर्षही झालं नसेल. त्याने मला बसायलाही सांगितलं नाही.

"तुमचा तो मित्र माझ्याविरुद्ध बोलणार होता, असं गावात म्हणतात. बोलू दे की. आग लागली तेव्हा मी रजेवर होतो. तुम्ही लोक बाहेरून आलेल्या माणसावर सगळं ढकलता!"

"मधल्या खोपटात गेला होतात कधी?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अख्ख्या गावाला ती गोष्ट माहीत होती, रोदिओनने मला वाटेत सांगितली होती. शरदात हा तिथे दोन रात्री राहिला, असेल नसेल ते लाकूड जाळलं, रिकामे डबे जमिनीवर टाकले आणि चूल राखेने भरलेली ठेवून निघून आला. दुकानातल्या बायका अजून त्याला विचारतात, साहेब, लाकडं देऊ का सोबत?

"मला काय माहीत तुमच्या रीतीभाती! हॉटेलातून निघताना कोणी पुढच्यासाठी गादी घालतं का?"

"आग कुठे लागली होती?"

"चौथ्या पातळीवर. दोन कामगार आत होते. बचावप्रमुखाने भिंत घालून भाग बंद केला. हवा तोडली की आग विझते. दोघं आधीच मेले होते, असा त्याचा अहवाल आहे."

"त्या भागातून हवेचा पाइप जातो?"

"जातोच. त्याचं काय?"

त्याचं काय! हा माणूस आमची खाण चालवतो. त्याला हेही माहीत नाही की अडकलेला खाणकामगार पहिल्यांदा तो पाइप शोधतो आणि हातात येईल त्याने त्यावर ठोकत राहतो. मैलभर लांब ऐकू जातं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

पाइप वाजत होता, अगाशा.

मला तिथेच खुर्ची लाथाडावीशी वाटली. मी लाथाडली. मग जिना उतरून रोदिओनला म्हटलं, "बचावपथकाकडे चल. आणि पिस्तूल आहे ना जवळ? असू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

५

बचावपथकाच्या खाणावळीत पोरं कोबीचं सूप ओरपत होती. ग्लेब काका उठून आले आणि मला छातीशी धरलं. तोच धुराचा आणि ग्रीसचा वास.

"पोरी, काय वेळ आली गं! बस. चहा घे, क्लाउडबेरीचा मुरंबा आहे, तुझ्या आवडीचा."

मी बसले. मुरंब्याला हात लावला नाही.

"पुर्ग्यात कुठे होतात काका?"

"वायरलेसच्या मनोऱ्यापाशी. पत्र्याच्या खोलीत अडकलो. वीज होती म्हणून वाचलो. परत येताना खोपटात डोकावलो, तर हे असं." त्यांनी डोळे पुसले. "दारातूनच बघितलं. पाय पुढे उचलेना. तसाच फिरलो."

"चूल नाही पेटवली?"

"मेलेल्या माणसापाशी चूल कसली पेटवतेस! शरदानंतर आत पाऊलही टाकलं नाही मी. आणि त्या म्हातारीला जरा सांभाळून घ्या म्हणावं. नशेत झालं असेल तिच्या हातून."

हे ऐकलं आणि माझ्यात जे काही मऊ उरलं होतं ते करपलं. मी खिशातून तुरा काढला आणि टेबलाच्या मधोमध, पावाच्या टोपलीशेजारी ठेवला.

"पोरांनो, हा कोणी केलाय?"

येफीम नावाचा धिप्पाड पोरगा, तोंडात घास, हसून म्हणाला, "कोणी म्हणजे? साहेबांनीच! चारी बाजूंनी सोललेला, खाली धरायला मूठ ठेवलेली. बाकी सगळे एकाच बाजूने सोलतात. असा जमेपर्यंत साहेब आम्हाला जेवायला देत नव्हते. आम्हाला अजूनही असा जमत नाही तो भाग वेगळा."

तो एकटाच हसला. मग तोही थांबला.

"मलाही यांनीच शिकवला," मी म्हटलं. "मलाही जमला नाही. हा आज मधल्या खोपटातल्या चुलीत सापडला. ताजा आहे, शरदातला नाही. अकुलिनाच्या हाताला चाकू पेलत नाही. स्तोयानोव्स्कीला चूल रचायची असते हेच माहीत नाही. पुर्ग्यात बाहेर होता असा तिसरा एकच माणूस."

"अगाशा, काय बोलतेस तू?" काका म्हणाले. आवाज अगदी शांत.

"राख नव्या बर्फावर टाकलेली आहे. म्हणजे पुर्गाभर चूल पेटलेली होती. चूल पेटलेल्या खोपटात तिमका गोठला कसा? कारण तो खोपटात नव्हता, पडवीत होता. लघवीला उठला असेल, अंगात नुसता सदरा. तू फक्त कडी लावलीस. तो दाराला टेकून बसला, वर हात करून नमदा ओरबाडत राहिला आणि तसाच आखडला. मग बिछान्यावर ठेवलास, पण बसलेला माणूस आडवा होईना. आखडलेल्या हातांत कोट घालता येईना, म्हणून पांघरलास."

मी त्यांना तू म्हणाले होते. जन्मात पहिल्यांदा.

"वेडी झालीस का? मी माणूस मारीन आणि वर चूल रचून, काड्या ओढून येईन? इतका मूर्ख आहे मी?"

"मूर्ख नाहीस. तुझे हात चाळीस वर्षं तेच करतायत. तुला कळलंसुद्धा नसेल. ज्याला कधी बघितलं नाहीस त्याला थंडी वाजू नये म्हणून बसून तुरा सोललास, आणि पलीकडे तिमका दार वाजवत होता तेव्हा कडी नाही काढलीस! लाज नाही वाटली?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! चौथ्या पातळीवरही पाइप वाजत होता ना? तिमकाने ऐकला, तूही ऐकलास. आणि भिंत घातलीस."

ग्लेबने टेबलावरचा तुरा उचलला, फिरवून बघितला आणि परत ठेवला.

"वर दीडशे माणसं होती," तो म्हणाला. "आग वर आली असती तर सगळी गेली असती. दोघांसाठी थांबायला हवं होतं मी? हा हुकूम तू दिला असतास?"

"कदाचित दिला असता. आणि समितीपुढे उभी राहून सांगितलंही असतं."

"सांगायचं? त्यांच्या बायकांना सांगायचं, की ठोकत होते? तिमकाला किती समजावलं! खोपटात नेलं, पाजलं, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ऐकेचना. म्हणाला, मला झोप येत नाही काका, मला तो आवाज ऐकू येतो."

"आणि तू कडी लावलीस."

"हो," तो म्हणाला. मग चिडून, जणू मीच त्याचं काही चोरलं होतं, "अकुलिनाचं आयुष्य उरलंय किती? तिच्यामागे रडायला कोण आहे? माझ्यामागे हे पथक आहे!"

येफीमने ताटली लांब सरकवली, उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. एकेक करून बाकीचीही उठली. ग्लेबशेजारी कोणीच बसून राहिलं नाही. रोदिओन पुढे आला. त्याने खिशातून हातकड्या काढल्या.

६

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी माझी बॅग घेऊन रांगेत उभी होते. माझं काम झालं होतं. पहाटेपासून अर्धं गाव माझ्याशी बोलत नव्हतं. पाव देणाऱ्या बाईने पाव समोर आपटला होता. त्यांचा देव मी नेला होता ना! मला काडीचा फरक पडला नाही.

अकुलिनाला आदल्या संध्याकाळीच सोडायला हवं होतं. पण वरून आदेश आला नाही, शिक्का मिळाला नाही असं करत रोदिओन तिला पहाऱ्यात विमानतळापर्यंत घेऊन आला होता. शेवटी तिथेच फोन आला आणि त्याने तिच्या हातातली बेडी काढली.

"मोकळी आहेस, मावशी. झालं ते विसर. मी सोडतो तुला घरी."

अकुलिनाने मनगट चोळलं. त्याच्याकडे बघितलंच नाही. सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, आभार मानणार. मी म्हणायच्या तयारीत होते, मावशी, आभार कसले.

"तू विमानाने आलीस," ती म्हणाली.

"हो."

"तिमकासाठी."

"हो, मावशी."

"त्याच्यासाठी खोपटं उलटंपालटं केलंस, राख उकरलीस, ग्लेबसारख्या माणसाला उघडा पाडलास. तिमका तुमच्यातला. मी मधे सापडले म्हणून सुटले. खोटं बोलतेय का मी?"

खोटं नव्हतंच ते.

"माझा नवरा नदीवर मेला. खाणीच्या पट्ट्याच्या गाडीने चिरडला त्याला. या पोलिसांनी एका दिवसात मिटवलं. म्हणाले, प्यायलेला होता. जन्मात दारूला शिवला नाही तो! बाटली असायची ती दुसऱ्यांसाठी. ओरडून ओरडून सांगितलं मी. कोणी आलं नाही, ना विमानाने, ना चालत."

रोदिओन बुटांकडे बघत होता. त्याला ते प्रकरण माहीत होतं, हे त्याच्या खाली घातलेल्या मानेवरूनच कळत होतं.

विमानात बसायची हाक झाली. माझ्यामागचा माणूस म्हणाला, बाई, सरका ना पुढे.

मी बॅग उचलली आणि रांगेतून बाहेर आले.

"नाव काय होतं त्यांचं?" मी विचारलं.

"प्रोकोपी."

"रोदिओन," मी म्हटलं, "गाडी काढ. आणि त्या वेळी पट्ट्याची गाडी कोण चालवत होतं, ते वाटेतच सांग. मला माहीत नाही असं म्हणायचं नाही."

त्याने किल्ल्या काढल्या आणि तो पुढे चालायला लागला. अकुलिना त्याच्यामागे गेली नाही. ती माझ्याबरोबर चालली.